खातं एकाचं, अट दोघांची

अमेरिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की ऑफिसांतून पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडण्याच्या सूचना येऊ लागतात. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांत बहुधा नवरा-बायको दोघंही नोकरी करतात आणि आपापल्या पोर्टलवर आपापले पर्याय निवडून मोकळी होतात. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा तसं करू नका. एचएसएत, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये, पैसे भरायचे असतील तर दोघांनी एकत्र बसून फॉर्म भरा.

या खात्याचा हक्क व्हिसावर ठरत नाही; एच-१बीवरचा माणूसही पात्र ठरतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जास्त डिडक्टिबलचा, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम मोठी असलेला, विमा असावा लागतो. २०२६साठी हे डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाला ३,४०० डॉलर आहे. मेडिकेअरमध्ये नाव नसावं, दुसऱ्या कुणाच्या करविवरणात अवलंबित म्हणून तुमची गणना होत नसावी. आणि तुमच्या दवाखान्याचा खर्च उचलणारी दुसरी सोय नसावी.

या शेवटच्या अटीतच माणसं अडकतात. बायकोने तिच्या ऑफिसातून साधी हेल्थ एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, घेतली की त्या पैशांतून नवऱ्याचाही खर्च भागवता येतो, म्हणून कायद्याच्या लेखी त्यालाही ती सोय मिळालेली असते. त्याने त्यातला एक सेंट मागितला नाही, तरी एचएसएचा हक्क जातो. फक्त दात-डोळ्यांपुरती एफएसए चालते, मुलांच्या डेकेअरची एफएसएही चालते.

नवऱ्याच्या कंपनीला हे कळत नाही आणि ते तपासणं तिच्यावर बंधनकारकही नाही. ती स्वतःच्या योजना आणि तुमचं वय बघते. हक्क नसताना भरलेली रक्कम खात्यात राहील तोवर तिच्यावर दरवर्षी ६ टक्के कर लागतो. विवरणपत्राच्या मुदतीआधी ती रक्कम तिच्यावरच्या कमाईसह काढली, तर हा कर टळतो. इतक्या बारीक अटीचा सगळा भार पगारदार माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पण नियम आज असाच आहे.

भारतात परतण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १ डिसेंबरला पात्र असलात, तर नोकरी नोव्हेंबरात लागलेली असली तरी त्या सबंध वर्षाची मर्यादा भरता येते. मात्र मग पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहावं लागतं. मधेच नोकरी सोडून पुण्याला आलात, तर ज्या महिन्यांचा हक्क नव्हता त्यांची रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि वर १० टक्के कर बसतो. म्हणून परतायचं मनात असेल तर जितके महिने पात्र, तितके बारावे हिस्सेच भरा. रीतसर भरलेले पैसे कुठे जात नाहीत, खातं तुमचंच राहतं.

पासष्टीनंतर नोकरी करणाऱ्यांसाठी तर मेडिकेअरमध्ये नाव नसण्याचा नियम मागच्या तारखेपासून लागू होतो. मेडिकेअरचा भाग ए उशिरा घेतला की तो सहा महिन्यांपर्यंत मागे जाऊन सुरू होतो, आणि सोशल सिक्युरिटीचे पैसे सुरू केले की तो आपोआप मिळतो. यातला कुठलाही अर्ज करायचा असेल, तर त्याआधी सहा महिने एचएसएत भरणं थांबवा आणि ऑफिसलाही तसं लेखी कळवा, म्हणजे त्यांच्याकडूनही खात्यात रक्कम जाणार नाही.