सिस्टर, हे लिहून ठेवा

मंद्रूपला आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आईच्या रिपोर्टची फाईल असते. रक्त, लघवी, थायरॉईड, आरए फॅक्टर, मानेचा एक्सरे, कमरेचा एक्सरे आणि उसने पैसे घेऊन काढलेला एक एमआरआय. नऊ वर्षांत फाईल फुगत गेली, पण आतल्या प्रत्येक कागदाचं म्हणणं एकच : नॉर्मल.

मी पुण्याहून फोनवर तिला तेच सांगायचो. "आई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नको." एकदा ती म्हणाली, "रिपोर्टला बरं वाटतंय रे. मला नाही."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखाद्या युजरने तक्रार केली आणि आम्हाला आमच्या मशीनवर तो बग दिसला नाही, की 'रिप्रोड्यूस होत नाही' असा शेरा मारून तिकीट बंद करायची सोय आमच्याकडे आहे. युजर पुन्हा तक्रार करतो, आम्ही पुन्हा बंद करतो. आईचं तिकीट मी असंच नऊ वर्षं बंद करत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञाने नाव दिलं : फायब्रोमायल्जिया. सगळं अंग दुखतं, झोप लागली तरी सकाळी थकवा तसाच, डोकं जड, शब्द आठवत नाहीत, आणि तपासणीत काही सापडत नाही. दुखणं जाणवून देणारी मज्जासंस्थाच चढ्या आवाजावर अडकलेली असते, असं आज मानतात. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्याकडे पंधरा मिनिटं होती. एक कॅप्सूल लिहून दिली आणि म्हणाले, "रोज व्यायाम करा, टेन्शन घेऊ नका." बाहेर येऊन आई हसायलाच लागली. "व्यायाम? मग मी दिवसभर काय करते?"

आईचा हा प्रश्न विनोद नव्हता. तो संशोधनाचा प्रश्न होता, आणि माझं भांडण त्यावरूनच आहे. तो विचारण्याचं आणि तडीस नेण्याचं काम ज्यांचं आहे, त्या नर्सना आपण इंजेक्शन देणारा हात करून ठेवलंय.

आधी पुरावा काय आहे ते बघू. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, फायब्रोमायल्जियावरच्या उपचारांचा आढावा घेऊन २०१६-१७ मध्ये शिफारशी केल्या. औषधं, मानसोपचार, ॲक्युपंक्चर, सगळं तपासलं. ठाम शिफारस एकाच गोष्टीला मिळाली : व्यायाम. बाकी सगळं 'जमल्यास बघा' या दर्जाचं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं, की कारण न सापडणाऱ्या अशा जुनाट दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या किंवा गॅबापेंटिन सुरूच करू नका. आता आपल्या गावातलं प्रिस्क्रिप्शन आठवा : एक सुई, एक सलाईन, आणि कागदात गुंडाळलेल्या तीन रंगांच्या गोळ्या. जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकवर आपण २००६ मध्ये बंदी घातली, कारण मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती. चांगलंच केलं. माणसांच्या पोटाची आणि किडनीची काळजी करायला मात्र गिधाडांइतकं वजनदार कुणी भेटलेलं दिसत नाही.

उपचार गोळीत नसेल, तर तो समजावण्यात, हळूहळू वाढवत नेलेल्या हालचालीत, झोपेची घडी बसवण्यात आणि पुन्हापुन्हा विचारपूस करण्यात आहे. हे पंधरा मिनिटांत होत नाही. हे नर्सिंगचं काम आहे, आणि जगात ते नर्सनीच करून दाखवलंय. दुखणाऱ्या माणसाने दुखतंय म्हटलं की दुखतंय, पुरावा मागायचा नाही, ही व्याख्या मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्ये मांडली. दुखण्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसपी, हिने रुग्णाच्या सांगण्याचा आदर राखावा ही टीप व्याख्येला जोडली २०२० मध्ये. अर्ध्या शतकाने.

दुसरं उदाहरण ओरेगनचं. तिथल्या विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक कॅरोल बर्कहार्ट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९१ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली : फायब्रोमायल्जियाने जगण्यावर किती परिणाम केलाय, ते मोजणारी. आज जगभर या आजारावरचे उपचार तिच्यावर किंवा तिच्या सुधारित आवृत्तीवर मोजले जातात. त्याच विद्यापीठातल्या नर्स संशोधक किम ड्युप्री जोन्स यांनी स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि नुसतं ताणणं यांची बायकांवर तुलना केली (२००२). पुढे एका मानसशास्त्रज्ञाबरोबर त्या योगावरच्या अभ्यासातही होत्या (२०१०) : ५३ बायका, आठ आठवडे, आणि वाट बघणाऱ्या गटापेक्षा योग करणाऱ्यांचं दुखणं आणि थकवा कमी. योग आपला, अभ्यास पोर्टलंडचा. यावर छाती फुगवावी की मान खाली घालावी, ते वाचकांनी ठरवावं.

त्या १९९१ च्या प्रश्नावलीत काय विचारलंय? गालिचा व्हॅक्युम करता येतो का. वॉशर-ड्रायरमध्ये कपडे धुता येतात का. गाडी चालवता येते का. बाहेरच्या अंगणाचं काम जमतं का. हे वाचून मला त्या बाईंचा राग आला नाही, उलट आदर वाटला. त्यांनी आपल्यासमोरच्या बाईचा दिवस बघितला आणि तो प्रश्नांत उतरवला. आमच्याकडे हा दिवस कोण बघतं?

मी बघायचा प्रयत्न केला, तो माझ्या पद्धतीने. ॲप बनवलं! रोज रात्री आठ वाजता आईच्या फोनवर नोटिफिकेशन : आज दुखणं किती, ० ते १०? अकरा दिवस सलग ५ आलं. मला वाटलं, व्वा, स्थिर आहे. विचारलं तर म्हणाली, "मधलं दाबत होते. चुकायला नको म्हणून."

त्या दिवाळीत चुलत बहीण घरी आली. ती जीएनएम आहे, सोलापुरात एका खासगी दवाखान्यात नोकरी करते. चुलीपुढे बसून तिने सहज विचारलं, "काकू, एका बैठकीत भाकरी किती थापता?" आई म्हणाली, "आधी पंधरा व्हायच्या. आता सहा झाल्या की उठावं लागतंय." मग बहिणीने विचारलं, दुखतं म्हणजे कसं. आईने सांगितलं : खांद्यात ठणका, कमरेत रग, पोटऱ्यांत कळ, हातात मुंग्या, आणि पाऊस यायच्या आधी सगळं अंग मोडून येतं. मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत लावून प्रश्नावली केली होती. आईने दहा मिनिटांत तिच्याच भाषेत एक गट भरून दिला. ० ते १० ची गरजच पडली नाही. माझ्या ॲपला जे दोन महिन्यांत कळलं नाही, ते नर्सला एका भाकरीत कळलं.

बहिणीने एक वही घातली. तारीख, भाकरी किती, झोप कशी, चालणं किती. पहिल्या आठवड्यात चालणं फक्त दहा मिनिटं, तेही बरं वाटलं तरी वाढवायचं नाही. बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा फेरा तोडायचा. भाकरी तीन झाल्या की उठायचं, रग भरायच्या आधी. आईच्या प्रश्नाचं उत्तरही तिनेच दिलं : "काकू, काम तुम्हाला दमवतंय, कारण ते कधी थांबवायचं ते तुमच्या हातात नाही. व्यायाम तुमच्या हातात आहे." चार महिन्यांनी भाकरी सहावरून नऊवर आल्या. आई बरी झालेली नाही. एका बाईवरून काही सिद्धही होत नाही, एवढं मला कळतं. पण हे चार महिने बहिणीने रात्रीच्या शिफ्टनंतर, फोनवर, फुकट दिले. दवाखान्यात तिचं काम म्हणजे सुई, सलाईन आणि फाईल.

आता काही जण म्हणतील, हे श्रीमंत बायकांचं दुखणं, गावात कुठे असतं. पुणे–सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन दुखण्याची विचारपूस केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडं-सांधे-स्नायूंच्या तक्रारी होत्या. त्यात आमवाताचे रुग्ण थोडे, आणि कुठल्याच ठळक नावात न बसणारं मऊ भागांचं दुखणं बरंच. म्हणजे विचारलं की सापडतं. आणि विचारायला प्रत्येक वेळी डॉक्टर लागत नाही. फायब्रोमायल्जियासाठी पूर्वी अठरा ठिकाणी अंगठ्याने दाबून बघायचे. २०१० पासून शरीराच्या १९ भागांबद्दल आणि झोप-थकव्याबद्दल विचारूनही निदानाकडे जाता येतं.

न विचारल्यावर काय होतं, तेही आपल्याकडे घडून गेलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कंबरदुखी, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणं, आणि एका दिवसाचा खाडा परवडत नाही. दुखण्याकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं, पिशवी काढायला होतं.

मग आपल्या नर्सिंग कॉलेजांतलं संशोधन कुठे जातं? एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध सक्तीचा असतो. बहिणीच्या मैत्रिणीचा मी टाईप करून दिला होता, तेव्हा जुने बरेच चाळले. बहुतेकांचा साचा एक : निवडक शहरातल्या निवडक लोकांच्या अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आज परीक्षा, मग तक्ते दाखवून व्याख्यान, सातव्या दिवशी पुन्हा परीक्षा. गुण वाढतात. वाढणारच. दुखणं कमी झालं का, हे कुणी विचारत नाही, कारण त्याला वर्ष लागतं. मुलींना हसायचा अधिकार मला नाही. माझा बी.ई.चा प्रोजेक्ट चेहऱ्यावरून हजेरी घेणारी सिस्टीम होता आणि तो गिटहबवरून उतरवलेला होता. साचा त्यांनी बनवलेला नाही. गाईड, वेळ आणि पैसा नसताना पास व्हायचा तोच रस्ता असतो.

पण बघा, दक्षिण सोलापूर तालुक्यातच कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. हजार विड्यांवर मजुरी मिळते, मान खाली घालून, मांडीवर सूप घेऊन. एवढ्या जवळ, एका जागी, वर्षभर भेटता येतील अशा बायका ओरेगनला मिळाल्या नसतील. तिथे खरा प्रश्न उभा आहे : कामाच्या तुकड्यावर पैसे मिळतात, त्या बाईला 'रग भरायच्या आधी थांब' कसं सांगायचं? ज्वारी उक्त्यावर काढायला घेतलेल्या टोळीतली एकच बाई दर अर्ध्या तासाला कशी थांबेल? याचं उत्तर पोर्टलंडच्या कुठल्याच अभ्यासात नाही, कारण तिथे हा प्रश्नच नव्हता.

दोन आक्षेप खरे आहेत. एक, नर्सच्या हातून मणक्याचा टीबी, थायरॉईड, आमवात निसटेल. म्हणून आधी डॉक्टरने एकदा नीट तपासावं, आणि वजन उतरणं, ताप, सुजलेले सांधे, पायातली ताकद जाणं असं काही दिसलं की परत डॉक्टरकडे. मधलं वर्ष नर्सचं. दुसरा, जिथे बाळंतपणाला आणि सर्पदंशाला माणूस पुरत नाही, तिथे हे चोचले कशाला? या आक्षेपाला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. एवढंच दिसतं, की दुखणारी बाई तशीही येतेच, दर पंधरा दिवसांनी, सुई टोचून घ्यायला. तिला वेळ आपण देतोच आहोत, फक्त वाया घालवतोय. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत, तिथे तिशीवरच्यांचा बीपी आणि शुगर तपासतात. नर्सिंग शिकलेले समुदाय आरोग्य अधिकारी तिथे बसतात. त्याच खुर्चीवर आठवड्यातली एक दुपार दुखण्याच्या वहीसाठी द्या, आणि ती वही प्रबंध म्हणून चालेल असं विद्यापीठाने एकदा लिहून द्या.

ॲप मी काढून टाकलं. बहिणीची वही आता तिसरी आहे. यंदा ज्वारी काढायच्या आधी तिने एक नवा रकाना आखला : आज काम रोजानं होतं की उक्तं. आई पहिल्या दिवशी विचारत होती, हे कशाला. बहीण म्हणाली, "मलाच माहीत नाही काकू. म्हणून लिहा."