नळी लहान, आवाज महान

हॉस्टेलमधला आमचा एक रूममेट सध्या डॅलसला ऑनसाइट आहे. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. तिकडच्या ऑफिसातली मंडळी येत्या शनिवारी त्याला शूटिंग रेंजवर नेणार आहेत. साहेब भलतेच खुशीत होते. "मी आपली छोटी घेणार, एआर-१५ चं ते आखूड नळीचं मॉडेल. पहिलीच वेळ आहे ना, आवाज कमी असेल. आणि एक तरी गोळी कानावरचे मफ काढून मारणार. खरा आवाज कसा असतो ते कळायला नको?"

मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी लंचला हा किस्सा सांगितला, तर टेबलावरच्या सहापैकी चार इंजिनीअरांनी त्याचीच बाजू घेतली. "बरोबर आहे की. लहान बंदूक, लहान आवाज." एकाने पुरावा म्हणून तोफेचं उदाहरण दिलं. तोफ मोठी, म्हणून आवाज मोठा. धन्य! अरे, तोफेत दारू किती आणि रायफलच्या काडतुसात किती? कोड डीबग करताना एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं, हे ज्युनिअर पोरांना सांगत फिरणारे हेच लोक. काडतूस तेच ठेवा आणि फक्त नळी कापा. मग बघा काय होतं ते.

काय होतं? घरातला कुकर आठवा. गॅस बंद करून दहा मिनिटं थांबलात, तर शिट्टी उचलल्यावर जेमतेम फुस्स होतं. ऐन भरात शिट्टी उचललीत, तर शेजारच्या काकू विचारायला येतात. कुकर तोच, डाळ तीच, फरक फक्त आत उरलेल्या दाबाचा. बंदुकीची नळी म्हणजे गॅसला प्रसरण पावायला दिलेली जागा. दाब अगदी सुरुवातीला शिखर गाठतो आणि गोळी पुढे सरकेल तसा उतरत जातो. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागे जो दाब उरलेला असतो, तो एकदम मोकळा होतो. आपण ऐकतो तो धडाका मुख्यतः हाच. एम१६ च्या २० इंची नळीच्या तोंडाशी तो काहीशे ॲटमॉस्फियर असतो (तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो). नळी १० इंचांवर आणलीत की तो जवळपास दुप्पट होतो. वर काही दारू आत जळायची राहून जाते, ती बाहेर हवेत भडकते. म्हणून आखूड नळीच्या तोंडाशी जाळाचा तो मोठा गोळा दिसतो. फोटोत मस्त येतो, मान्य.

आणि एवढं करून मिळालं काय? गोळीचा वेग सेकंदाला सुमारे दीडशे मीटरने घटला. म्हणजे जी ऊर्जा गोळीला मिळायची ती आता कानाला मिळते. शिवाय नळीचं तोंड पाव मीटर जवळ आलं. लांब रायफलमध्ये ते कानापासून साधारण पाऊण मीटरवर असतं, आता अर्ध्यावर. त्यात अशा बंदुकांना बऱ्याचदा मझल ब्रेक लावलेला असतो. धक्का कमी व्हावा म्हणून तो गॅस बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे पुन्हा तुमच्याच दिशेने.

यावर टेबलावरचं उत्तर काय? "हे सगळं थिअरीत." ठीक आहे, आकडे घ्या. अमेरिकन लष्कराच्या श्रवणसंरक्षणाच्या तक्त्यांत एम१६ए२ रायफल चालवणाऱ्याच्या कानाशी १५७ डेसिबलचा दणका नोंदवलेला आहे. आणि एम९ पिस्तुलाचा? तोही १५७. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर काडतुसात रायफलच्या साधारण पाव हिस्सा दारू असते. पाव दारू आणि कानाला दणका तेवढाच, कारण नळी पाच इंचांचीसुद्धा नाही! लहान बंदूक, लहान आवाज म्हणे.

एक सांगतो, कुणी नुसता डेसिबलचा आकडा फेकला तर माइक कुठे ठेवला होता ते आधी विचारा. नळीच्या तोंडापासून एक मीटरवर, की नेमबाजाच्या कानाशी? माइकची जागा न सांगता दिलेला आकडा म्हणजे कॉन्फिगरेशन न सांगता दिलेला बेंचमार्क. सेल्सवाल्यांना शोभतो, आपल्याला नाही.

मला खरा राग येतो तो याचा, की ही गोष्ट नवी नाहीच. १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या जंगलासाठी कोल्टने एम१६ कापून कार्बाइन केली, एक्सएम१७७. नळी आधी १० इंच, मग ई२ मॉडेलमध्ये साडेअकरा. हातात सुटसुटीत, हेलिकॉप्टरमधून उतरताना अडकत नाही, सगळं छान. फक्त आवाज आणि जाळ सोसवेना. मग त्यांनी नळीच्या तोंडावर सुमारे साडेचार इंचांचं एक डबडं बसवलं आणि त्याला नाव दिलं 'मॉडरेटर'. ते सायलेन्सर नव्हतं. आवाज आणि जाळ मूळच्या लांब एम१६ च्या आसपास आणायचा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा! म्हणजे आधी नळी कापा, मग तेवढ्याचसाठी पुढे डबा जोडा. आमच्या प्रोजेक्टमध्ये याला परफॉर्मन्स पॅच म्हणतात. त्या डब्यात काजळी साचायची, ट्रेसर गोळ्या डगमगायच्या. पुढे अमेरिकन सरकारने त्याला सायलेन्सरच ठरवलं आणि निर्यातीचे वांधे झाले. आणि २०२२ साली त्यांच्याच लष्कराने नवी रायफल निवडली, एक्सएम७, नळी १३ इंच. या वेळी सप्रेसर बंदुकीबरोबरच. नळी आखूड केली की पुढे काहीतरी जोडावंच लागतं, हे त्यांना कळून अर्धं शतक झालं. आमच्या लंच टेबलाला अजून कळायचंय.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा होता. "अरे, फरक असून असून किती असेल? पाच-सहा डेसिबल?" समजा सहाच. सहा डेसिबल म्हणजे दाब दुप्पट. लॉगरिदमिक स्केल आपण फर्स्ट इयरला शिकलो, पेपर टाकला आणि विसरलो. आपल्याकडे फटाक्यांना १९९९ पासून मर्यादा आहे, चार मीटरवर १४५ डेसिबल शिखर. १५७ म्हणजे दाबात त्याच्या साधारण चौपट, आणि तोही चार मीटरवर नाही, कानाशी. सैनिकी नियमांत १४० च्या वर कानाला संरक्षण लागतंच.

सायलेन्सरची फुस्स आपल्या डोक्यात भरवली ती सिनेमांनी आणि काउंटर-स्ट्राइकने. मीही रात्र-रात्र एम४ ला सायलेन्सर लावून खेळलोय, सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा. खरा सप्रेसर साधारण वीस ते तीस डेसिबल खातो. १५७ मधून ते वजा करा. जे उरतं त्याला फुस्स म्हणत नाहीत. आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका वेगळाच.

शांत बंदूक असतेच, नाही असं नाही. लांब नळीची .२२, आणि तिच्यात ध्वनीपेक्षा हळू जाणारी गोळी. चिमूटभर दारू पूर्ण जळते, गॅसला पसरायला जागा मिळते, गोळी बाहेर येईतो दाब उतरलेला असतो. तिथेही श्रेय नळीच्या लांबीलाच.

माझा मामा फौजेत होता, एसएलआरच्या जमान्यात. ती चांगली २१ इंची नळीची रायफल. तरी मामाचा डावा कान गेला. उजव्या खांद्यावर रायफल धरली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, उजवा डोक्याच्या आड राहतो. कापूस मिळायचा, पण मामाच काढून टाकायचा, "शाळेतल्या पोरीसारखं वाटायचं" म्हणून. आता लग्नात पंगतीला त्याच्या डावीकडे बसलात तर तो नुसता हसतो आणि मान डोलावतो. आम्ही लहान असताना त्याची नक्कल करायचो. "गेलं ते गेलं रे," एवढंच म्हणतो, "पण रात्री शिट्टी वाजते ना, ती बंद होत नाही." कानातल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. आणि मोठ्या आवाजाला कानातले स्नायू ताणून बचाव करण्याची जी सोय निसर्गाने दिलीय, तिला काही दहा मिलिसेकंद लागतात. तोवर गोळीचा दणका येऊन गेलेला असतो. सर्व्हर पडल्यावर येणाऱ्या अलर्ट मेलसारखं.

तर मित्रा, तू हे वाचशील शुक्रवारी रात्री. काउंटरवर लांब नळीची .२२ माग. लोक हसतील, हसू देत. एआर घ्यायचीच असेल तर २० इंची घे. आत फोमचे प्लग, नीट वळून खोल घातलेले, आणि वर मफ, दोन्ही. रेंज बंदिस्त आहे, भिंती आवाज परत फेकतात. शेजारच्या लेनमध्ये कुणी आखूड नळीवाला उभा असेल तर दुसरी लेन माग. आणि खरा आवाज ऐकायची फारच हौस असेल तर सुट्टीत आलास की आपण मामाकडे जाऊ. त्याच्या उजव्या बाजूला बस आणि विचार.