होम लोनचा अर्ज नंतर, आधी सिबिल बघा!



धंदा जोरात चालतो, हप्ताही झेपेल, तरी बँक होम लोनला नाही म्हणते. असं का होतं? कारण दुकानाचा माल आपण स्वतःच्या क्रेडिट कार्डावर भरतो. 1 लाखाच्या लिमिटमधले 90 हजार कायम वापरलेले! आपल्याला वाटतं पैसा फिरतोय. बँकेला दिसते ओढाताण.

माझं स्पष्ट मत आहे, तयारी अर्जाच्या निदान 6 महिने आधी सुरू करा. कार्डाचा वापर 30 टक्क्यांच्या आत आणा. धंद्याचा खर्च करंट खात्यातूनच करा. जुनं कर्ज ‘सेटल’ करून सुटलो असं समजू नका, तो शेरा रिपोर्टवर राहतो. पूर्ण भरा, एनओसी घ्या. आणि एकदम पाच बँकांत अर्ज टाकू नका.

‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर रोज 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

घर आयुष्यात एकदाच होतं. आजच रिपोर्ट काढा!