घंटा वाजली, तर ऐकणार कोण?

हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या गृहसंकुलाला २६ नोव्हेंबर २०२५ रोजी आग लागली आणि तीत दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुरुस्तीसाठी इमारतींभोवती बांबूच्या परांच्या व जाळ्या उभारल्या होत्या, खिडक्यांवर फोमचे तक्ते ठोकले होते. आग भडकण्याच्या या कारणांची पुष्कळ चर्चा झाली. त्या मानाने एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. आगीची वर्दी देणारी घंटा संकुलाच्या आठही इमारतींत होती आणि ती कोठेच नीट चालत नव्हती, असे तेथील अग्निशमन विभागाला तपासणीत आढळले.

ही दूरदेशीची कथा म्हणून बाजूला सारता येणार नाही. मुंबई, ठाणे, पुणे येथील उंच इमारतींच्या जिन्यांत व वाहनतळांत छताला चिकटवलेली पांढरी धूरसूचक यंत्रे आज सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्या देखभालीविषयी कायदाही मोघम नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यावयाची असते आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्यांना सादर करावयाचे असते. किती सोसायट्यांच्या सभासदांनी हे प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिले आहे?

हे यंत्र बिघडते कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्याच्या आत एक लहानसा अंधारा कप्पा असतो व त्यातून प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले की किरण विखुरतो आणि घंटा वाजते. परंतु किरण धुळीनेही विखुरतो, कोळ्याच्या जाळ्याने आणि आत शिरलेल्या चिलटानेही विखुरतो. शिवाय आमची घरे काही परदेशी शयनगृहे नव्हेत. मिरचीची फोडणी, संध्याकाळचा धूप, आरतीचा कापूर, दिवाळीचे फटाके, हे सारे त्या यंत्राच्या लेखी आगच. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र बसवावयास हवे. अनेक ठिकाणी ते भान ठेवले जात नाही. मग घंटा चार वेळा विनाकारण वाजते आणि पाचव्या वेळी कोणीतरी खाली जाऊन ती कायमची गप्प करतो. त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. खोट्या वर्दीचा उपद्रव रोजचा असतो आणि खऱ्या वर्दीचा लाभ आयुष्यात एखाद्या वेळी, कदाचित कधीच नाही. मात्र आगीत पुष्कळ माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने व त्यातील विषारी वायूने गुदमरून मरतात. झोपेतल्या माणसाला वासाने जाग येईल, ही समजूत घातक आहे.

यंत्र बसवण्याचा खर्च बांधकाम व्यावसायिक करतो, कारण त्यावाचून भोगवट्याचे प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येते आणि माहितीपत्रकातही ते शोभून दिसते. देखभालीचा खर्च मात्र वर्षानुवर्षे सभासदांच्या खिशातून जावयाचा असतो. आमच्या परिचयाच्या एका सोसायटीच्या सभेत उद्वाहनाचा वार्षिक देखभाल करार दोन मिनिटांत मंजूर झाला आणि अग्निसूचक यंत्रणेचा करार सलग दुसऱ्या वर्षी ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवला गेला. उद्वाहन बंद पडले की तासाभरात आरडाओरडा होतो. धूरसूचक बंद पडल्याची बातमी आग लागेल त्याच दिवशी कळते. त्यात पुन्हा तिसऱ्या मजल्यावरील यंत्र चालू राहिल्याने जीव वाचावयाचे ते चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्यांचे. ज्याचा लाभ शेजाऱ्याला, त्याची वर्गणी देण्यास हात आखडतो.

यंत्र निर्दोष ठेवले तरी मुख्य प्रश्न उरतोच. अमेरिकेत ठरावीक मासिक शुल्क घेऊन घराघरांतील अग्निसूचकांवर दिवसरात्र लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. वर्दी दूरच्या केंद्रात पोहोचते, तेथील माणूस घरी दूरध्वनी करतो व अग्निशमन दलाला कळवतो. तरीही त्या देशात घरांतील आगींत मरणाऱ्यांपैकी पाचात सुमारे तिघे अशा घरांत मरतात, जेथे सूचक यंत्र नसते किंवा असून चालत नसते. आमच्याकडे हे ‘केंद्र’ म्हणजे फाटकावरचा रखवालदार. लाल दिव्यांची पेटी त्याच्याच खोलीत असते. तो ठेकेदारामार्फत आलेला, बारा तासांची पाळी करणारा, वर्षभरात केव्हाही बदलला जाणारा. पेटीवरची अक्षरे इंग्रजी. वाजली तर कोणते बटण दाबून बंद करावी, एवढेच पुष्कळदा त्याला शिकवलेले असते. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी लालबागच्या साठ मजली इमारतीत आग लागली, तेव्हा एकोणिसाव्या मजल्यावर गेलेला सुरक्षारक्षक अडकला आणि सज्जातून खाली पडून मरण पावला. लक्षावधींच्या यंत्रणेचे अखेरचे टोक ज्याच्या हाती, त्याच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात एक रुपयाही नसावा, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

चाळी, वाडे व जुन्या तीन मजली इमारतींत तर सामाईक यंत्रणाच नसते. तेथे घरापुरते बॅटरीवर चालणारे यंत्र एक-दोन हजार रुपयांत मिळते. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून पाहावे, वेळेवर बॅटरी बदलावी आणि दहा वर्षांनी यंत्रच बदलावे.

ज्यांच्या सोसायटीत यंत्रणा आहे त्यांनी येत्या सभेत चिटणिसांकडे जानेवारीचे व जुलैचे प्रमाणपत्र मागावे आणि ते सूचनाफलकावर लावण्याचा ठराव करावा. तपासणीस येणाऱ्या संस्थेने धूर सोडून यंत्र वाजवून दाखवावे, नुसती सही करून जाऊ नये. त्याच रात्री दोन सभासदांनी खाली जाऊन रात्रपाळीच्या रखवालदाराला विचारावे, ‘ही घंटा वाजली तर तू काय करशील?’ त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून ठेवावे.