पाठीवरचा कायदा

दोस्तहो, ह्या अंकात एका मराठा पुढाऱ्यावर लिहितोय. भुवया चढवू नका. आधी त्याची पाठ बघा.

अण्णासाहेब पाटील. जन्म १९३३, मंद्रुळ कोळे, तालुका पाटण. सातारच्या डोंगरातून पोटासाठी मुंबईत आलेला, दारूखान्यात ओझी वाहिलेला माणूस. तेव्हा हमाल म्हंजे कुणाचाच नसलेला. आज ह्या पेढीचं पोतं, उद्या त्या पेढीचं. शेठ म्हणणार, हा माझा नोकरच नाय. पोत्याखाली मान मोडली तर ज्याची त्याची मान. हजेरी नाय, रजा नाय, फंड नाय.

ह्या माणसानं टोळ्या बांधल्या, युनियन उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. आम्हा गोदीवाल्यांसाठी १९४८ सालीच तसला कायदा झाला होता. साचा तोच. पेढी बदलली तरी कामगाराची नोंद मंडळात राहते. मजुरी शेठनं मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. त्यातून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी. च्यायला, एवढं साधं! पण त्यासाठी किती पाठी सोलल्या असतील?

कायद्यात जात नाय. मी मॅट्रिक आहे, वाचून बघितलाय. पण टोळी भरते गावानं आणि भावकीनं. माझ्या आज्यानं एका टोळीत काम मागितलं होतं. गाव कंचं? आडनाव काय? आडनाव सांगितलं आणि जागा संपली.

१९८० साली पोलंडात गोदीतला इलेक्ट्रिशियन लेक वालेसा संपाचा पुढारी झाला, १९९० साली राष्ट्राध्यक्ष. आपला हमाल काँग्रेसचा आमदार झाला, विधान परिषदेत बसला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. २२ मार्चला अण्णासाहेबांनी विधानभवनावर मोर्चा नेला, स्वतःच्याच पक्षाच्या सरकारवर. पण मागणी हमालांची नव्हती. मराठ्यांना आर्थिक निकषावर आरक्षण द्या, ही होती. मिळालं नाय. २३ मार्चला त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

मला हे छळतं. ज्यानं हमाल आणि शेठ ही रेघ स्वतःच्या मानेवर भोगली, तो शेवटी जातीसाठी मेला. डोंगरातल्या मराठ्याची भूक खोटी म्हणणारा मी नव्हे. पण आज्याला टोळीतून हाकललं ते भुकेपायी नाय, आडनावापायी. हा फरक पोतं वाहणाऱ्यालाच कळला नाही तर कुणाला कळायचा?

जानेवारी २०२४ मध्ये जरांगेंचा मोर्चा वाशीच्या बाजारात मुक्कामाला होता, जिथं अण्णासाहेबांचे माथाडी आजही पोती उचलतात. मी पाळीवर निघालो होतो. घोषणा ऐकल्या. माथाडी कायद्याची एकही कानावर आली नाही.

मी न्हावा-शेव्याच्या बाजूला एका यार्डात कंटेनर रिकामे करतो. ठेकेदार दर वर्षी नाव बदलतो, त्यामुळे आम्ही कायमचे नवे. आमच्या टोळीत पाटण तालुक्यातला एक मराठा पोरगा आहे. अण्णासाहेबांचा फोटो त्याच्या मोबाईलवर, मंडळात नोंद मात्र त्याचीही नाय. परवा दोघांनी मिळून अर्ज लिहिले. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून त्याचाही मीच लिहिला. ठेकेदार म्हणतो, सही उद्या बघू.