सोमवार ते शनिवार हा माणूस काय करतो?

गेल्या सहा महिन्यांत तीन कादंबऱ्या वाचून झाल्या, बहुतेक ऑफिसच्या बसमध्ये. निवडताना निकष एकच होता: आपली माणसं दिसली पाहिजेत. आता चौथी निवडायची आहे आणि तो निकषच मला खटकू लागलाय.

पहिली हमीद दलवाईंची ‘इंधन’, 1965ची. दलवाई म्हटलं की आपल्याकडे आधी बाजू विचारतात, पुस्तक नंतर. मीही त्यापायी ती इतकी वर्षं टाळली. चूक झाली. आजारपणामुळे मुंबईहून कोकणातल्या गावी परतलेला माणूस सांगतो आहे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मुसलमान, कुळवाडी, महार यांच्यातले जुने मानापमान धुमसत धुमसत पेट घेतात. लेखक स्वतःच्या माणसांनाही सूट देत नाही.

दुसरी राही मासूम रझांची ‘आधा गाँव’. हेच रझा, ज्यांनी पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’चे संवाद लिहिले. गाझीपूरजवळच्या गंगौलीतले सय्यद, त्यांचा मुहर्रम, त्यांच्या शिव्या, आणि वर लटकणारी फाळणी.

दोन्ही मोठ्या कादंबऱ्या आहेत, यात वाद नाही. पण ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, ‘मुसलमानांचं आयुष्य कळेल असं काही सुचव.’ मी ‘इंधन’ दिली. वाचून तो म्हणाला, ‘दंगल अशी पेटते तर!’ बस, एवढंच. त्याचा दोष नाही. मी त्याला आपलं भांडण दाखवलं, घर दाखवलंच नाही. मग लक्षात आलं की मी स्वतःही या कादंबऱ्या साक्षीदाराचा जबाब वाचावा तशा वाचत होतो. उद्या कुणाशी वाद झालाच, तर कामी येतील म्हणून.

तिसरी कादंबरी वाचताना मात्र हे जमलं नाही. अब्दुल बिस्मिल्लाह यांची ‘झीनी झीनी बीनी चदरिया’, बनारसच्या विणकरांची. मतीन साडी विणतो, पण माल शेठचा, भाव शेठचा. साडीत जरा खोट निघाली की मजुरी कापली जाते. बायको अलीमुन टीबीनं खंगते आहे. मतीन विणकरांची सोसायटी उभी करायला धडपडतो आणि पैसेवाले त्याला पुरून उरतात. हे पैसेवालेही मुसलमानच, हाजी म्हणवणारे. नमाज आहे, ईद आहे, बिरादरी आहे, पण दिवस उजाडतो तो मागाच्या आवाजानं. मतीनला घेऊन कुणाशी वाद घालायचा? तो माझ्या बाजूचा पुरावा नाही. तो कामावरचा माणूस आहे.

मालेगाव-भिवंडीच्या कितीतरी मोमिन-अन्सारी घरांचे पणजोबा उत्तरेकडूनच आले. पण पॉवरलूमच्या रात्रपाळीची, सायझिंगच्या वासाची, बिघडलेल्या लूमची, उचल घेऊन अडकलेल्या कामगाराची मराठी कादंबरी मी शोधतोय आणि मला ती अजून मिळालेली नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. आणि ती नसेलच, तर लिहिणार कोण? आपण बाहेरच्यांनी आपल्याला फक्त दंगलीत पाहिलं म्हणून तक्रार करतो (मीही करतो), आणि वाचायला बसलो की दंगलच शोधतो.

म्हणून आता माझा प्रश्न वेगळा आहे: या कादंबरीतला माणूस सोमवार ते शनिवार काय करतो? पहिल्या पन्नास पानांत उत्तर मिळालं नाही, तर पुस्तक बाजूला. हा नियम ढोबळ आहे, त्यात काही चांगल्या कादंबऱ्या हातून जातील. जाऊ देत.

या नियमानं सध्या नंबर लागलाय खालिद जावेद यांच्या ‘नेमतखाना’चा. मूळ उर्दू, 2014ची. बारां फारूकी यांच्या इंग्रजी अनुवादाला 2022 साली जेसीबी पुरस्कार मिळाला. मला उर्दू लिपी वाचता येत नाही, त्यामुळे अनुवादच. विषय स्वयंपाकघराचा, पण ते ऊबदार नाही, भीती वाटावी असं आहे म्हणतात. अम्मीला नाव सांगितलं तर तिनं लेखक कोण ते विचारलंच नाही. म्हणाली, ‘नेमतखाना? नानीकडे होता ना, जाळीच्या दाराचा. दुधाचं पातेलं त्यातच असायचं आणि तू रोज उघडून साय खायचास.’