पांडा पाहिला, माळढोकाचं काय?
चेंगडूच्या पांडा केंद्रात आम्ही दोघं नवरा-बायको सकाळीच पोचलो. ऊन वाढलं की पांडे झोपतात. १९८७ साली जंगलातून वाचवलेल्या ६ पांड्यांवर सुरू झालेलं हे केंद्र. सगळे म्हणतात, चीनने पिल्लं वाढवली म्हणून पांडा वाचला. अर्धंच खरं! १९९८ पासून तिथल्या नैसर्गिक जंगलांत तोडबंदी आली, राखीव जंगलं वाढली, तेव्हा कुठे २०१६ मध्ये धोक्याची पातळी एक पायरी उतरली.

आणि आपण? जैसलमेरला माळढोकाची पिल्लं वाढवतोय, पण सोडणार कुठे? माळरान म्हणजे ‘पडीक जमीन’, वर विजेच्या तारा. सोलापूरच्या नान्नजला अभयारण्याची पाटी आहे, पक्षी दिसणं नशिबाचं. पिंजरा बांधणं सोपं असतं राव, जागा सोडणं अवघड. ती सोडणार का, एवढंच सांगा.